टॅगची मागची बाजू

आमच्या सोलापुरातल्या चादरी-टॉवेलच्या दुकानाचा जुना टॅग पप्पांनी हौसेनं करून घेतला होता. लाल रंगावर सोनेरी अक्षरांत दुकानाचं नाव, खाली सिद्धेश्वर मंदिराची रेखाकृती, त्याखाली ‘सोलापूरची शान’ आणि कोपऱ्यात ‘१००% कॉटन’. मागची बाजू कोरी. तिथं एमआरपीचं स्टिकर बसायचं. चादर असो, टॉवेल असो, नॅपकिनचा सेट असो, टॅग एकच. दिसायला वाईट नव्हता. पण गिऱ्हाईक चादर हातात घ्यायचं, टॅग उलटून बघायचं, आणि मग मान वर करून आम्हालाच विचारायचं.

टॅगांचा गठ्ठा संपत आला तेव्हा पप्पा म्हणाले, “तेच परत छापायला टाक.” मी म्हटलं, जरा थांबू. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आणि थंडीचा सीझन अजून लांब होता, हातात वेळ होता. अण्णा आमच्याकडे माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. त्यांना म्हटलं, गिऱ्हाईक काय काय विचारतं ते बिलबुकाच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचं, तोच प्रश्न परत आला की शेजारी एक रेघ. अण्णा हसले. “टिपायचं काय त्यात? मी तोंडपाठ सांगतो की.” आणि त्यांनी सांगितलेले पाचही प्रश्न नंतर वहीत सगळ्यात जास्त रेघांचे निघाले. डबल बेडला पुरंल का. मशीनला चालती का. रंग जातो का. धुतल्यावर आटती का. आणि फोनवर, महिन्या-दोन महिन्यांनी: मागच्या वेळी नेली होती तीच डिझाइन अजून एक मिळेल का.

या पाचांतल्या एकाचंही उत्तर आमच्या टॅगवर नव्हतं. मंदिराचं चित्र मात्र होतं, आणि सोलापुरात उभ्या असलेल्या माणसाला ते दाखवण्यात काय हशील होतं देव जाणे.

पहिला प्रश्न मापाचा. खरं तर हे लिहिणं कायद्यानंच आलं. पॅकबंद वस्तूंचे २०११ चे जे नियम आहेत, वजनमापवाले ज्याची तपासणी करतात, त्यात चादर, टॉवेल, उशीचे अभ्रे अशा मालावर नगांची संख्या आणि तयार मालाचं माप लिहावं लागतं. शिवाय बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, सगळ्या करांसकट किंमत, तक्रारीसाठी फोन. आमच्याकडे हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीवरच्या छोट्या स्टिकरवर होतं, आणि पिशवी दुकानातच निघायची. माप असायचं ‘६०×९०’. इंच की सेंटिमीटर तेही नाही. मुंबई-पुण्याकडचं गिऱ्हाईक ते वाचून पुन्हा विचारायचं, “म्हणजे केवढी?”

मग आम्ही दुपारी शटर अर्धं खाली घेऊन माल जमिनीवर अंथरला आणि टेपनं मोजला. साठ बाय नव्वदची चादर, म्हणजे १५२ बाय २२९ सेंटिमीटर, प्रत्यक्षात कुठं इंचभर कमी तर कुठं इंचभर जास्त. एवढं चालतं. पण आमच्याकडे पाच-सहा कारखान्यांतून माल येतो, आणि त्यातल्या एकाची ‘नव्वद’ दशा धरून नव्वद होती. दशा पलंग झाकत नाहीत. त्यांना तसं कळवलं. आता त्यांच्या मालावर दशा सोडून माप येतं.

तरी गिऱ्हाइकाला माप नको असतं, पलंग हवा असतो. इथं माणसं पलंग फुटांत सांगतात: चार बाय सव्वासहा, सहा बाय साडेसहा. आणि पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की चादर अंथरायला पाहिजे की पांघरायला? आपली जाड सोलापुरी जेकार्ड, म्हणजे विणीतच नक्षी असलेली, चादर बहुतेक घरांत पांघरायला असते, पण बाहेरगावचं निम्मं गिऱ्हाईक ती बेडशीट समजून मागतं आणि घरी जाऊन नाराज होतं. म्हणून टॅगवर पुढच्याच बाजूला, दुकानाच्या नावाखाली, दोन ओळी घातल्या: ‘पांघरायला – एकाला ऐसपैस. अंथरायला – ४ फुटी पलंगापर्यंत.’ मोठ्या ९०×१०० च्या चादरीवर ‘दोघांना’ आणि ‘६ फुटी पलंगापर्यंत’. शेजारी पलंगाचं छोटं चित्र. हे चित्र माझ्या मावसभावानं काढलं, तो पुण्यात डिझाइन शिकतो. त्यानं आधी जे पाठवलं होतं त्यात चादरीवर झोपलेली एक बाई होती, तिच्या डोळ्यांवर काकड्या. ती बाई काढायला लावली.

आटण्यावरून मात्र पप्पांशी चांगलंच वाजलं. सुती कापड मागावर ताणलेलं असतं. पहिल्या पाण्यात तो ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ जागी येतं. यात दोष काही नाही. सगळ्या सुतीचं असंच. मी चादर घरी नेऊन तीनदा धुतली, वाळवली, मोजली. नव्वदची साडेसत्त्याऐंशी झाली, आणि त्यापुढं फारशी हलली नाही. मी म्हटलं, धुतल्यानंतरचं मापही लिहू. पप्पा म्हणाले, “आपणच आपल्या हातानं लिहायचं का, आमची चादर आटते म्हणून? शेजारचा लिहीत नाही, मग त्याची आटत नाही असं होतं गिऱ्हाइकाच्या डोक्यात.” त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. धंद्यात खरं बोलणाऱ्याला आधी समजावून सांगण्याचे कष्ट पडतात, आणि गर्दीच्या दिवशी समजावायला कुणाकडे वेळ नसतो. शेवटी अण्णांनी तोड काढली. ते म्हणाले, आटते असं कशाला म्हणायचं, दोन रकाने करा, ‘नवी’ आणि ‘धुतल्यावर’. तसंच केलं. आता गंमत अशी की लोक तो दुसरा रकाना बघून म्हणतात, “एवढं मोजून लिहिलंय म्हणजे माल चांगला असणार.” पप्पा हे आपलीच कल्पना असल्यासारखं सांगतात.

मशीनचा प्रश्न वजनाशी जोडलेला. मशीनवर साडेसहा किलो, सात किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन. म्हणजे चादरीचं कोरडं वजन कळलं की निम्मं उत्तर मिळतं. आमच्या मोठ्या चादरी दोन किलोच्या आतबाहेर भरतात. हिशेबानं साडेसहा किलोच्या मशीनला तीन बसाव्यात; पण जाड चादर पाणी पिऊन फुगते, तिला ड्रममध्ये फिरायला जागा लागते, नाहीतर साबण घडीतच राहतो आणि मशीन एका बाजूला वजन जाऊन नाचायला लागतं. म्हणून टॅगवर वजन, आणि त्यासमोर ‘मशीनमध्ये एका वेळी एकच’. सोलापुरात पाणी रोज येत नाही हे इथल्यांना सांगायला नको. पाण्याच्या दिवशीच जड कपडे निघतात, आणि तेव्हा घरातली बाई तीन चादरी एकदम कोंबणार हे मला माझ्याच घरावरून माहीत आहे. तरी लिहिलं.

रंगाची गोष्ट जरा लांबची आहे. आमच्याकडे काउंटरवर वर्षानुवर्षं एकच उत्तर ठरलेलं: “पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होतो.” पप्पा सांगायचे, अण्णा सांगायचे, मीही सांगायचे. टॅगवर छापायचं म्हटल्यावर मात्र कुणालातरी विचारून घ्यावं असं वाटलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवणारे एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे गेले. वाफेनं भरलेल्या शेडमध्ये ते हातावरचा निळा रंग पुसत म्हणाले, “मीठ आम्ही घालतो की, पोत्यानं घालतो. पण ते रंगाच्या टाकीत. रंग पाण्यातून सुताकडं ढकलायला. एकदा रंग बसला, धुऊन निघाला, की मग मीठ त्याला धरून ठेवत नाही.” जो रंग पक्का बसलाय तो मिठाशिवाय टिकतो, जो वरवर राहिलाय तो मिठात भिजवला तरी निघायचा तो निघतोच. सुताला कुठला रंग दिलाय, रंगवल्यावर नीट धुतलंय का, यावर सगळं. गडद लाल-निळ्याचा वरचा जादा रंग पहिल्या एक-दोन पाण्यांत जातो. तेव्हा टॅगवर गेलं ते एवढंच: ‘पहिली दोन धुणी वेगळी, थंड पाण्यात. भिजत ठेवू नका. सावलीत वाळवा.’ आईला हे पटलेलं नाही. ती अजून मीठच घालते.

टॉवेलचा टॅग वेगळा करायचा हे तोवर ठरलंच होतं. टॉवेलची तक्रार एकच, पण अगदी ठरावीक: “नवा टॉवेल पाणीच टिपत नाही.” यात माल खराब नसतो. दुकानात हाताला मऊ लागावा म्हणून कारखान्यात शेवटच्या पाण्यात मऊपणाचं रसायन देतात, त्याचा थर टॉवेलच्या फासांवर, म्हणजे वर आलेल्या धाग्याच्या वेटोळ्यांवर असतो. एकदा-दोनदा धुतलं की तो उतरतो आणि टॉवेल पाणी ओढायला लागतो. पण लोक धुताना वरून फॅब्रिक सॉफ्टनर घालतात, म्हणजे गेलेला थर परत चढवतात, आणि मग फोन करतात.

दुसरी अडचण निघालेल्या फासाची. टेरीत, म्हणजे टॉवेलच्या फासवाल्या कापडात, ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) दोन संच असतात: एक ताणलेला, ज्यात खालचं कापड विणलं जातं, आणि एक सैल सोडलेला, त्याचे फास वर येतात. नखात, बांगडीत, कानातल्यात एखादा फास अडकतो आणि लांब होतो. तो ओढला की त्याच रांगेतले पुढचे फास आत खेचले जातात आणि टॉवेलवर टक्कल पडल्यासारखी रेघ दिसते. तो कापला तर काही होत नाही, कारण फासाचा पाय बाण्याच्या (आडव्या) धाग्यांनी दोन्हीकडून दाबलेला असतो. हे मी काउंटरवर कात्रीनं करून दाखवते. नवा कोरा टॉवेल, लांब झालेला फास, कच्च. समोरच्या बाईचा जीव वरखाली होतो. मग मी तिथंच बोट घासून दाखवते, की बघा, काही निघत नाही. टॅगवर कात्रीचं चित्र आणि ‘फास निघाला तर ओढू नका, कापा’. सगळ्या टॅगांत मला हा टॉवेलचा टॅग जास्त आवडतो, कारण त्यात एकही फालतू ओळ नाही.

धुण्याच्या खुणांचा प्रश्न राहिला. टब, त्रिकोण, चौकोन, इस्त्री आणि गोल, या पाच खुणा जगभर चालतात: धुणं, ब्लीच, वाळवणं, इस्त्री, ड्रायक्लीन. मी त्या कागदावर छापून दुकानात येणाऱ्यांना दाखवल्या. टब आणि इस्त्री सगळ्यांनी ओळखली. फुली मारलेला त्रिकोण, म्हणजे ब्लीच नको, हा कुणालाच सांगता आला नाही. एका काकांनी “पुढं धोका” असं ठामपणे सांगितलं. म्हणून खुणा ठेवल्या, पण प्रत्येकीखाली मराठीत दोन शब्द. चादरीला ड्रायक्लीनला कोण टाकतंय, तो गोल काढला.

हे सगळं कागदावर मांडून झालं तेव्हा टॅग पोस्टकार्डाएवढा झाला होता. तिथं अडून बसले. आणि मग जे सुचलं ते आधी सुचायला हवं होतं असं वाटण्याइतकं साधं होतं. टॅगवरच्या मजकुराचे दोन वेगळे मुहूर्त आहेत. माप, वजन, पलंग हे दुकानात उभं असताना लागतं. धुणं, ब्लीच, कात्री हे महिन्यानं, मोरीत किंवा मशीनसमोर लागतं, आणि तेव्हा कागदी टॅग केव्हाच कचऱ्यात गेलेला असतो. मावसभावाचं म्हणणं होतं, क्यूआर कोड छाप आणि सगळं त्यात घाल. पण ओल्या हातानं फोन कोण धरणार? आणि कोड तरी टॅगवरच, म्हणजे तोही कचऱ्यातच. धुण्याचं सगळं कापडी लेबलवर न्यायचं ठरलं, जे चादरीला शिवलेलंच असेल.

लेबल म्हणजे शिलाई, आणि शिलाई म्हणजे किनार मारणाऱ्या बायका. त्या नगावर काम करतात. एका नगाला एक लेबल वाढलं म्हणजे हात एकदा थांबला, आणि दिवसाचे नग कमी झाले. दर वाढवल्याशिवाय हे सांगायला जाण्यात अर्थ नव्हता. नगामागे थोडे पैसे वाढवून दिले, तेव्हा त्यांनीच सांगितलं की लेबल मधोमध नको, कोपऱ्यात द्या, दुमडून द्या, म्हणजे किनारीच्या शिलाईतच पकडलं जातं, वेगळी टीप नको. त्यातल्या एका अक्कांनी विचारलं, “कुठल्या कोपऱ्यात?” मी म्हटलं, कुठल्याही. “कुठल्याही कशाला? पायाकडं घालू. मग माणसाला कळंल, हे पायाकडचं टोक हाय, तोंडावर घ्यायचं नाही.” आता आमच्या प्रत्येक चादरीला लेबल पायाच्या उजव्या कोपऱ्यात असतं, आणि त्यावर शेवटची ओळ आहे ‘ही पायाकडची बाजू’. चादरीच्या टॅगाबद्दल जेवढं कौतुक आलं त्यातलं निम्मं या ओळीचं आहे.

कागदी टॅग मग हलका झाला. पुढं नाव, माप, पलंग. मागं वजन, सुताची माहिती, कायद्यानं लागतं ते. ‘१००% कॉटन’ फक्त जिथं खरंच आहे तिथं. शंका आली की अण्णा काठाचा एक धागा ओढून काडी लावतात: सुती असेल तर जळून मऊ राख होते, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. मिश्र माल स्वस्त असतो, त्याचं गिऱ्हाईकही असतं. टॅगवर ‘मिश्र’ लिहिल्यानं त्याची विक्री थांबली नाही.

जीआयचं चिन्ह घालावं असं पप्पांच्या फार मनात होतं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याचा अभिमान असायलाच पाहिजे. पण ते नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यानं वापरायचं असतं. आमचे सगळे कारखानदार नोंदलेले नाहीत. ज्यांची नोंद आहे त्यांच्या मालावर ते येतं, बाकीच्यांवर ‘सोलापुरात विणलेली’ आणि कारखान्याचा पत्ता. तेवढं खरं आहे आणि तेवढं पुरतं.

किंमतीसाठी एक पट्टी वेगळी केली, खाली परफोरेशन, म्हणजे फाडायला छिद्रांची रेघ, मारून. कारण आहेर. लग्नसराईत टॉवेल-टोपीचे टॉवेल, आहेराच्या चादरी डझनानं जातात, आणि घरी बसून बायका नखानं एमआरपीचं स्टिकर खरवडतात. अर्धं निघतं, डिंक राहतो, त्याला धूळ चिकटते. आता पट्टी फाडली की किंमत गेली, बाकीची माहिती घेणाऱ्यापाशी राहते. पट्टी विक्रीपर्यंत टिकली पाहिजे एवढीच काळजी. पहिल्या नमुन्यात छिद्रं इतकी जवळ होती की गठ्ठा उचलला तरी पट्ट्या गळायच्या, ती छापणाऱ्याकडून विरळ करून घेतली. किंमत टॅगबरोबर छापत नाही, नंतर शिक्क्यानं मारतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा छापील किमतीचा माल घेऊन बसलेल्यांची काय धांदल झाली ते बाजारात बघितलं होतं. आणि एकदा मारलेली एमआरपी वाढवायला वर स्टिकर चालत नाही. कमी करायला चालतं, तेही जुनी किंमत न झाकता.

शिक्का बसावा म्हणून लॅमिनेशन काढलं. चकचकीत कागदावर शाई पुसली जायची, पेन घसरायचं. साधा ३०० जीएसएमचा बिनलॅमिनेशनचा कार्ड घेतला. त्यातले वाचलेले पैसे परफोरेशनमध्ये गेले, आणि लेबल धरून नगामागे खर्च वाढलाच.

पाचवा प्रश्न, तीच डिझाइन परत मिळेल का. त्यासाठी टॅगच्या एका कोपऱ्यात तीन गोष्टी: डिझाइन नंबर, रंगाचा नंबर आणि लॉट. लॉट यासाठी की तोच मरून रंग दुसऱ्या घाण्याला किंचित वेगळा उतरतो, आणि जोडीच्या दोन चादरी शेजारी टाकल्या की तो फरक डोळ्यांत भरतो. आधी लोक व्हॉट्सअॅपवर चादरीचा फोटो पाठवायचे, रात्रीच्या ट्यूबलाइटमधला, घडी घातलेला, त्यावर कधी मांजर. त्यावरून डिझाइन ओळखायची म्हणजे अण्णांची परीक्षा. आता कोपऱ्याचा फोटो येतो. तो लॉट संपलेला असेल तर आम्ही आधीच सांगतो, रंगात उन्नीस-बीस होईल.

भाषेचं अजून पूर्ण सुटलेलं नाही. आमच्याकडे विजयपूर, कलबुर्गीकडून कन्नड बोलणारं गिऱ्हाईक येतं, तिकडून हैदराबादकडचं तेलुगू, आणि अक्कलकोट-पंढरपूर करून परत निघालेले कुठकुठचे लोक. कागदी टॅगवर आकडे आणि चित्रं असल्यानं भागतं. कापडी लेबलवर चार भाषा घातल्या तर अक्षरं मुंगीएवढी होतात. सध्या मराठी आणि हिंदी आहे. पुढच्या लॉटला लेबलच्या मागच्या बाजूनं कन्नड आणि तेलुगू छापून घेणार आहे. तेलुगू मजकूर अण्णा तपासतील. कन्नडसाठी समोरच्या कापड दुकानातल्या वहिनींना मसुदा दिलाय, त्यांनी ‘भिजत ठेवू नका’ची ओळ दोनदा बदलून दिली आहे आणि अजून त्यांचं समाधान झालेलं नाही.